इंग्रजीतले चाबकाचे शब्द आणि त्यांचं लॅटिन मूळ: सालटी काढायची की नुसती टीका करायची?

भाषांतर_हमाल

धागा काढायचं कारण असं की मागच्या आठवड्यात एका राजकीय लेखाचं भाषांतर करत होतो, तर लेखकाने एकाच परिच्छेदात कॅस्टिगेट, एक्सकोरिएट आणि चॅस्टाइज अशी तीन क्रियापदं वापरलेली आणि मी तिन्ही ठिकाणी 'कडक टीका केली' लिहून मोकळा. दुसऱ्या दिवशी परत वाचलं तर माझीच मला लाज वाटली. कोश उघडला आणि मग जो अडकलो तो अजून बाहेर आलेलो नाही, कारण हे सगळे शब्द मुळात मारहाणीचे निघाले. नुसती मारहाण नाही, प्रत्येकाचं हत्यार वेगळं.

एक्सकोरिएट म्हणजे एक्स, बाहेर, आणि कोरियुम, कातडं. कातडं सोलून काढणं. डॉक्टर लोक आजही खाजवून सालपट निघालं की एक्सकोरिएशनच लिहितात, त्यांच्याकडे शब्द अजून मूळ अर्थानेच राहिलाय. स्कर्ज हा शब्दसुद्धा फ्रेंचमधून फिरून आला तरी कातडं आणि वादी याच गोतावळ्यातला. फ्लॅजेलेट हा फ्लागेल्लुमवरून, म्हणजे फ्लाग्रुम या चाबकाचं लहानपण दाखवणारं रूप, जसं आपण हातोड्याची हातोडी करतो तसं (नाव लाडाचं आहे म्हणून मार लाडाचा असेल असं समजू नका). फस्टिगेट हा फुस्तिस वरून, फुस्तिस म्हणजे सोटा. आणि कॅस्टिगेट बघा, यात हत्यारच नाही. कास्तुस म्हणजे शुद्ध आणि पुढे आगेरे, करणं. शुद्ध करणं! चॅस्टाइज आणि चेसन त्याचेच भाऊ, आणि चारित्र्यवान या अर्थाचा चेस्ट हाही त्याच घरातला.

तर प्रश्न दोन. असे अजून कोणते शब्द आहेत, आणि मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द द्यायचा झाला तर काय द्यावा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ

भाषांतर करताना बराच मार खाल्लेला दिसतोय. हलके घ्या.

रेवती

छान धागा. तुम्ही दिलेली हत्यारं रोमन लोकांच्या डोक्यात अगदी पायऱ्यांसारखी रचलेली होती, त्याचा पुरावा होरेस या रोमन कवीच्या एका उपहासकवितेत मिळतो. तो म्हणतो शिक्षेचं माप गुन्ह्याएवढं हवं, ज्याला स्कूतिका पुरेल त्याच्यामागे भयंकर फ्लागेल्लुम घेऊन लागू नका, आणि लगेच पुढे टोमणा की ज्याला जास्त वेर्बेरा मिळायला हवेत त्याला तुम्ही नुसत्या फेरुलाने माराल अशी भीती मला नाही. दोन-अडीच ओळींत चार शब्द! फेरुला म्हणजे मास्तरची छडी, स्कूतिका म्हणजे चामड्याचा साधा पट्टा, फ्लागेल्लुम म्हणजे खरा चाबूक, आणि वेर्बेरा म्हणजे एकूणच फटके.

होरेसला हे माहीत असणारच, कारण त्याचे लहानपणीचे मास्तर ऑर्बिलियुस, यांचं वर्णन तो 'प्लागोसुस' असं करतो. प्लागा म्हणजे फटका, म्हणजे प्लागोसुस झाले फटकेबाज. बिचारे ऑर्बिलियुस व्याकरणाचे मोठे शिक्षक होते पण दोन हजार वर्षं या एका विशेषणाने ओळखले जातायत.

फेरुला मुळात एका झाडाचं नाव. त्याचे वाळलेले दांडे हलके आणि लांब, म्हणून मास्तरांच्या हातात आले. इंग्रजीत शाळेतल्या छडीला फेरुल म्हणायचे ते यावरूनच. युवेनाल हा कवी 'मीसुद्धा फेरुलाखालून हात मागे घेतलेला आहे' असं म्हणतो, म्हणजे मीही शाळा शिकलोय. आपण 'छडी खाऊन शिकलोय' म्हणतो अगदी तसंच. वनस्पतिशास्त्रात फेरुला हे आजही प्रजातीचं नाव आहे आणि ज्याच्या चिकापासून हिंग होतो ते झाड त्याच फेरुलांपैकी.

एक सावधगिरी: काठीच्या टोकाला धातूची टोपी असते तिलाही इंग्रजीत फेरुल म्हणतात, स्पेलिंगमध्ये एक र जास्त. तो शब्द वेगळा, बांगडी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. दोन्ही काठीशीच संबंधित म्हणून लोक एक समजतात.

निवांत_वाचक

वाचनखूण साठवली. एक शंका, फ्लॅग्रंट व्हायोलेशन मधला फ्लॅग्रंट पण फ्लाग्रुम वरूनच ना? म्हणजे चाबकाचे फटके मारावेत इतकं उघड उल्लंघन?

रेवती

नाही, हा मोह सगळ्यांना होतो. फ्लॅग्रंट आला फ्लाग्रारे वरून, म्हणजे जळणं, भडकणं. कॉन्फ्लॅग्रेशन म्हणजे वणवा तो त्याचाच भाऊ. कायद्यात 'इन फ्लाग्रांते देलिक्तो' म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ गुन्हा अजून जळत असताना, म्हणजे आपलं रंगेहाथ. चाबकाशी संबंध नाही.

टवाळ

गुन्हा गरम असतानाच पकडला म्हणायचा. त्यानंतर चाबूक येतोच की, फक्त दुसऱ्या शब्दातून येतो.

जुनाट

रेवतीताई प्लागा वर थांबल्या म्हणून पुढे ओढतो. प्लागा म्हणजे फटका, आणि इंग्रजी प्लेग हा शब्द तिथूनच आला, म्हणजे साथीचा रोग हा देवाने मारलेला फटका अशी कल्पना. स्कर्जचंही तेच झालंय, आधी चाबूक, मग एखाद्या समाजावर कोसळलेली आपत्ती. हूणांचा राजा अटिला याला नंतरच्या लोकांनी 'फ्लागेल्लुम देई' म्हटलं, देवाचा चाबूक, त्याचं इंग्रजी स्कर्ज ऑफ गॉड. आणि गंमत म्हणजे प्लेग आला तेव्हा लोकांनी खरोखरचा चाबूक उचलला, तोही स्वतःवरच. १२६० मध्ये इटलीत पेरुजाला अंगावर फटके मारून घेत फिरणाऱ्यांच्या मिरवणुका सुरू झाल्या होत्या, पण काळा मृत्यू पसरला तेव्हा १३४८-४९ मध्ये तर जर्मन मुलखात आणि आजूबाजूला त्यांचे जथेच्या जथे गावोगाव फिरायला लागले, येशूचं आयुष्य जितक्या वर्षांचं मानतात तितके दिवस म्हणजे साधारण तेहतीस दिवस हे चालायचं, शेवटी पोप सहावा क्लेमेंट याने ऑक्टोबर १३४९ मध्ये त्यावर बंदी घातली. त्या लोकांना फ्लॅजेलंट म्हणतात. आज इंग्रजी पेपरात एखादा पक्ष निवडणूक हरल्यावर सेल्फ-फ्लॅजेलेशन करत बसलाय असं लिहितात तेव्हा रक्त कुणाचंच निघत नाही, फक्त चिंतन बैठक होते.

आणि तक्रार! कंप्लेन मधला प्लेन हा प्लांगेरे वरून आला, प्लांगेरे म्हणजे आपटणं, बडवणं, शोकाने छाती बडवून घेणं. म्हणजे कंप्लेन म्हणजे अक्षरशः ऊर बडवणं. आपल्याकडे अजून वाक्प्रचारात छाती शाबूत आहे, त्यांच्याकडे फक्त कंप्लेंट नंबर उरलाय.

सूक्ष्मजीवी

फ्लॅजेलम माझ्या विषयातला म्हणून येतोच. जिवाणूंना आणि शुक्रपेशीला जी शेपटी असते तिला फ्लॅजेलम म्हणतात, आणि मराठी पाठ्यपुस्तकात तिला 'कशाभिका'. शाळेत मी हा शब्द नुसता पाठ केला, खूप वर्षांनी कळलं की संस्कृतात कशा म्हणजे चाबूक, म्हणजे कशाभिका म्हणजे चाबकासारखी दिसणारी छोटीशी गोष्ट. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याने लॅटिन शब्द फोडून त्यातला चाबूक आणि त्याचं लहानपण दोन्ही मराठीत आणलं. टोपी काढली मी.

पण विज्ञानाच्या दृष्टीने नाव अर्धंच बरोबर आहे. शुक्रपेशीची शेपटी खरंच चाबकासारखी वळवळते. जिवाणूची मात्र वळवळत नाही, ती मुळाशी असलेल्या मोटरने गोल फिरते, जहाजाच्या पंख्यासारखी, हे १९७० च्या दशकात सिद्ध झालं. तोपर्यंत नाव पडून गेलेलं. चाबूक म्हणून बारसं झालं आणि निघाला पंखा.

लोखंडवाला_इंजिनिअर

वेर्बेरा वरून मला रिव्हर्बरेट आठवला. वेर्बेरारे म्हणजे फटके मारणं आणि री म्हणजे परत, म्हणजे उलट फटका. घुमणारा आवाज हा भिंतीने परत मारलेला फटका आहे. गिटारवाले ज्याला रिव्हर्ब म्हणतात तो हाच. आमच्या धातुशास्त्रात रिव्हर्बरेटरी फर्नेस असते, तिच्यात इंधन एका बाजूला जळतं आणि ज्वाळा वरच्या कमानी छपराला आपटून खाली धातूवर परतवल्या जातात, म्हणजे तिथे फटके आवाज नाही तर उष्णता मारते. पंचवीस वर्षं हा शब्द वापरतोय, आत चाबूक लपलाय हे आज कळलं.

निवांत_वाचक

म्हणजे व्हर्ब, व्हर्बल हेसुद्धा?

रेवती

नाही, ते वेर्बुम म्हणजे शब्द, वेगळं मूळ. पण दिसायला इतके सारखे आहेत की गैरसमज होणं साहजिक आहे. प्लाउतुस या रोमन नाटककाराच्या नाटकांत गुलामाला शिवी म्हणून 'वेर्बेरो' म्हणतात, म्हणजे फटके खायच्या लायकीचा, आपला 'चाबकाने फोडला पाहिजे असला' माणूस.

लॅटिन शिकणाऱ्यांना छळणारं अजून एक क्रियापद आहे, वापुलो. रूप पूर्ण कर्तरी, पण अर्थ मात्र 'मला मार बसतो'. विद्यार्थी हमखास उलटं भाषांतर करतात. मराठी माणसाला मात्र अवघड जाऊ नये, कारण आपलं 'मार खाणे' नेमकं तसंच आहे, वाक्यात कर्ता मीच, क्रियाही मीच केली, आणि सोसलंही मीच.

टवाळ

म्हणजे माझी पहिली कमेंट लॅटिन व्याकरणाच्या दृष्टीने उच्च दर्जाची होती. नोंद घ्यावी.

आडवाटेने

सगळे चाबकाबद्दल बोलतायत पण रोममध्ये सत्तेची खूण चाबूक नव्हती, काठ्या होत्या. फास्केस म्हणजे काठ्यांची मोळी, मधे कुऱ्हाड, अधिकाऱ्यापुढे चालणारे लिक्तोर ती खांद्यावर घेऊन चालायचे. काठ्या फटक्यांसाठी, कुऱ्हाड मुंडकं उडवायला. शहराच्या हद्दीत शिरताना कुऱ्हाड काढून ठेवायची पण काठ्या राहायच्या, यातून काय ते समजा. मुसोलिनीने १९१९ मध्ये संघटना काढली तेव्हा फाशो म्हणजे जुडगा हा शब्द घेतला आणि तिथून फॅसिझम.

त्या मोळीतल्या एका काठीला विर्गा म्हणतात आणि तिची इंग्रजीतली पिलावळ मजेशीर आहे. चर्चमध्ये दंड घेऊन पुढे चालणारा व्हर्जर. व्हर्ज म्हणजे आधी अधिकाराचा दंड, मग त्या दंडाची सत्ता जिथवर चालते तो राजदरबाराभोवतीचा परिसर, मग त्याची हद्द, मग कुठलीही कड. ऑन द व्हर्ज म्हणजे कडेवर. आणि व्हर्ग्यूल म्हणजे छोटी काठी, आपण टाइप करतो ती तिरकी रेघ, जिला साधं नाव स्लॅश. गंमत म्हणजे स्लॅश म्हणजेही सपकारा! दुसऱ्या मुळातून येऊन शब्द परत मारहाणीतच.

रोमन नागरिकाला मात्र फटके मारायला कायद्याने बंदी होती. म्हणून इ.स.पू. ७० मध्ये सिसेरो या वकील-वक्त्याने सिसिलीचा सुभेदार राहिलेल्या वेर्रेसवर जे आरोप ठेवले त्यात गावियुस नावाच्या माणसाला तिथल्या मेस्साना शहराच्या बाजारात फटके मारले आणि तो प्रत्येक फटक्याला 'मी रोमन नागरिक आहे' एवढंच म्हणत होता, हा प्रसंग सगळ्यात जास्त रंगवला. संत पॉलला जेरुसलेममध्ये बांधलं तेव्हा त्यानेही हेच विचारलं, रोमन नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारायची परवानगी आहे का तुम्हाला? शताधिपती लगेच घाबरून वरिष्ठाकडे पळाला. आयडी कार्ड नाही काही नाही, नुसतं तोंडी सांगितलेलं चाललं.

जुनाट

वा, आडवाटेने, आवडलं. त्या मोळीच्या काठ्यांबद्दल थोडं. प्लिनी हा रोमन लेखक बर्च या झाडाबद्दल लिहिताना त्याचा पांढरा रंग आणि बारीक फांद्या यांचं कौतुक करतो आणि लगेच म्हणतो की अधिकाऱ्यांच्या काठ्यांमुळे हे झाड भीतिदायक झालं. इंग्रजीतही टु बर्च म्हणजे फोकाने झोडपणं. आता हा बर्च शब्द लॅटिन नाही, जर्मॅनिक आहे, पण आपल्या भूर्जाचा सख्खा चुलतभाऊ आहे. भूर्जपत्रातला भूर्ज! एकाच झाडाची साल आपल्याकडे लिहायला वापरली आणि तिकडे त्याच्या फांदीने लिहिता न येणाऱ्याला बडवलं.

तसंच डिसिप्लिन. मूळ अर्थ शिकणं, शिष्य या अर्थाचा डिसायपल त्याच घरातला. मध्ययुगात मठांमध्ये स्वतःला मारून घ्यायच्या चाबकालाच दिसिप्लिना म्हणायला लागले. आता आपली शिक्षा बघा. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, मराठीत आली आणि फटका झाली, शिकण्यासाठी मग शिक्षण हा वेगळा शब्द ठेवावा लागला. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध न येता दोघींनी शाळेबद्दल एकच निष्कर्ष काढलाय.

निवांत_वाचक

मला असे धागे वाचले की थोडी भीती वाटते, शेवटी सगळं संस्कृतातून निघालं असं कुणीतरी म्हणणार.

रेवती

तसं कुणी म्हणत नाहीये. चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे. कोरियुम आणि चर्म हे शब्द 'कापणे' या अर्थाच्या एका जुन्या मुळातून आले असं मानतात, दोघांपैकी कुणी कुणाकडून घेतलं नाही. शिक्षा आणि डिसिप्लिन मध्ये तर तेवढंही नातं नाही, नुसता अर्थाचा प्रवास सारखा झालाय.

पण नात्याचंच बोलायचं तर माझं आवडतं उदाहरण देते. विधिमंडळात ज्याला इंग्रजीत व्हिप म्हणतात त्याला मराठीत प्रतोद. इंग्रजी व्हिप शिकारीतून आला, कुत्र्यांच्या कळपातलं एखादं भलतीकडे पळालं की त्याला चाबकाने परत आणणारा माणूस म्हणजे व्हिपर-इन, तिथून संसदेत. मराठीत कुणीतरी त्याला प्रतोद हा संस्कृत शब्द दिला, प्रतोद म्हणजे जनावर हाकायचा चाबूक किंवा पराणी, तुद् म्हणजे टोचणं, ढोसणं. आणि या तुद् चा लॅटिन चुलतभाऊ आहे तुंदेरे, ठोकणं. त्यावरून इंग्रजीत कंट्यूजन म्हणजे मुका मार, आणि ऑब्ट्यूस म्हणजे ठोकून ठोकून बोथट झालेला. गणितातला विशालकोन ऑब्ट्यूस अँगल तो हाच. म्हणजे मुख्य प्रतोद, मुका मार आणि बोथट बुद्धी एका कुटुंबातले आहेत. यापुढे मी काही बोलत नाही.

टवाळ

नका बोलू. पक्षादेश निघेल.

अवांतर_आत्मा

अवांतर: चाबूक हा शब्द स्वतः फारसी. तोच पूर्वेला मलय भाषेत गेला आणि तिथून दक्षिण आफ्रिकेत पोचून सॅमबॉक झाला, गेंड्याच्या कातड्याचा जाड चाबूक. म्हणजे आपल्या चाबकाने जगप्रवास केलाय. आणि इंग्रजी व्हिप, फ्लॉग, लॅश यांचं काय? आणि लेट द कॅट आउट ऑफ द बॅग हे आरमारातल्या नऊ शेपट्यांच्या चाबकावरून आलं ना, पिशवीतून चाबूक काढायचे म्हणून?

रेवती

मांजराची गोष्ट ऐकायला छान आहे पण तिला आधार नाही, त्या वाक्प्रचाराचा अर्थ गुपित फोडणं, शिक्षेशी त्याचा कुठेच मेळ बसत नाही. नऊ शेपट्यांचा चाबूक मात्र खरा. ब्रिटिश लष्करातले फटके १८८१ मध्ये बंद झाले.

व्हिप जर्मॅनिक आहे, लॅटिन नाही. फ्लॉग सतराव्या शतकात चोरट्यांच्या बोलीतला शब्द म्हणून कोशात येतो, फ्लॅजेलेट चं शाळकरी पोरांनी केलेलं आखूड रूप असावं असा एक तर्क आहे, सिद्ध झालेला नाही. लॅश दोन आहेत. फटका मारणारा वेगळा, आणि दोरीने बांधणारा वेगळा. बांधणारा फास या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलाय आणि बुटाची लेस त्याची बहीण.

फ्लेल राहिला. तो लॅटिन फ्लागेल्लुमच, कणसं झोडपायचं काठीचं अवजार. इंग्रजीतले थ्रेश आणि थ्रॅश पण मुळात एकच, एक मळणीला आणि एक माणसाला.

जुनाट

आणि आपलं झोडपणे तिन्ही कामं करतं. कणसं झोडपतो, पोराला झोडपतो, आणि विरोधकांनी सरकारला झोडपलं. पाऊससुद्धा झोडपतो.

भाषांतर_हमाल

अरे बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर येतो. माझी यादी अशी बनली: एक्सकोरिएट ला 'सालटी काढली', शब्दशः तेच आहे, आत कातडं आहे. कॅस्टिगेट ला आधी 'कोरडे ओढले' लिहिलं होतं पण शुद्ध करण्याचा अर्थ कोरड्यात येत नाही, कोरड्यात नुसता राग येतो, म्हणून 'कानउघाडणी केली'. चॅस्टाइज ला 'फैलावर घेतलं'.

आडवाटेने

कानउघाडणी फार प्रेमळ वाटते. आई करते ती कानउघाडणी. 'खरडपट्टी काढली' का नाही? त्यात खरडून साफ करणं पण आहे.

जुनाट

खरडपट्टीत कातडं निघतं, ती एक्सकोरिएट कडे जाईल. कॅस्टिगेट ला कानउघाडणीच ठेवा. जुने युरोपियन संपादक हस्तलिखितातल्या चुका दुरुस्त करायचे त्या दुरुस्त्यांनाच कास्तिगात्सिओनेस म्हणायचे, म्हणजे शब्दात सुधारण्याचा हेतू पक्का आहे. नुसतं मारायचं असतं तर फुस्तिस होताच की हाताशी.

आडवाटेने

बरं. पण चॅस्टाइज ला फैलावर नको. फैलावर माणूस घेतला की लोक मजा बघतात. चॅस्टाइज मध्ये वडीलधारा सूर आहे. 'समज दिली' बघा.

भाषांतर_हमाल

'समज दिली' घेतलं. पाठवून देतो आज रात्री.

भाषांतर_हमाल

अपडेट. लेख छापून आला. संपादकांनी सालटी, कानउघाडणी आणि समज तिन्ही कापून तिन्ही ठिकाणी 'तीव्र टीका केली' केलंय. म्हणजे माझी कास्तिगात्सिओ झाली.

टवाळ

वापुलो.